डोळे मिटले की विचार जास्तच येतात, मग काय करायचं?

माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, विषय निघाला की दोन मिनिटांत हे वाक्य येतंच, 'अगं मी करून बघितलं, पण डोळे मिटले की विचार जास्तच येतात, मला नाही जमणार ते.' मैत्रिणी म्हणाल्यात, दादा म्हणालाय, ऑफिसात नव्याने आलेली मुलं म्हणतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्या एकट्याच्याच मनात काहीतरी बिघाड आहे. मला दर वेळी सांगावंसं वाटतं, अरे थांबा, तुम्ही बरोब्बर जागी पोचला होतात आणि नेमके तिथूनच उठून गेलात. म्हणून आज सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, कुणाची गुरू वगैरे तर नाहीच, बरीच वर्षं रोज सकाळी थोडा वेळ बसते, या विषयावरचं संशोधन मिळेल तसं वाचत असते, आणि या एका सवयीमुळे अवघड दिवस पार पाडायला मला खरंच बळ मिळालंय, एवढ्याच अधिकारानं सांगते.

तर आधी त्या विचारांचं बघू. डोळे मिटल्यावर विचार वाढत नाहीत हो, ते दिवसभर चालूच असतात, फक्त एरवी कानात काहीतरी वाजत असतं, समोर स्क्रीन असते, कुणीतरी बोलत असतं, त्यामुळे आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. बसलं की ते पहिल्यांदा दिसतात. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक अभ्यास केला होता, लोकांच्या फोनवर दिवसात कधीही अचानक प्रश्न यायचे, आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि वाटतंय कसं. २२५० लोकांची उत्तरं तपासली तर ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, म्हणजे जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते, सुखाच्या गोष्टीकडे भटकलं असलं तरी कामात लक्ष असतानाच्यापेक्षा जास्त आनंदी नव्हते, आणि माणूस काय करतोय यापेक्षा त्याचं मन कुठे आहे यावरून त्याला कसं वाटत असेल याचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता.

म्हणजे भटकणं हा मनाचा रोजचाच उद्योग आहे, तुमच्याच मनाचा असं काही नाही. आणि नुसतं स्वतःबरोबर बसणं माणसाला किती जड जातं हे बघायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन यांचा २०१४ चा प्रयोग बघा. लोकांना रिकाम्या खोलीत एकटं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त १५ मिनिटं स्वतःच्या विचारांसोबत बसायचं, आणि जवळ एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. यातल्या लोकांनी आधी हाच झटका घेऊन पाहिला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून आम्ही पैसेसुद्धा देऊ असं सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःहून बटण दाबलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ विचार करत बसले होते, की आपण रांगेत उभं राहिलो की लगेच खिशातून फोन का काढतो ते आता कळलं.

मग साहजिकच वाटतं की विचार थांबवू या. इथेच बहुतेक लोक अडकतात, कारण ध्यान म्हणजे मन रिकामं करणं असं कुठून तरी डोक्यात बसलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं होतं की पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिल्यावर त्यांच्या मनात ते अस्वल, ज्यांनी आधी तो विचार दाबला नव्हता त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा आलं. म्हणजे विचार दाबला की तो नंतर जोरात येतो. उद्याच्या मीटिंगची काळजी 'आत्ता नको' म्हणून रेटून बाजूला सारली की रात्री दोनला ती उशाशी हजर असते, हे तुम्हालाही माहीत असेलच.

तर करायचं काय? मी जे करते ते सांगते, यात माझं स्वतःचं काही नाही, जगभर साधारण असंच शिकवतात. खुर्चीवर बसा किंवा जमिनीवर, पाठ ताठ पण आखडलेली नको, हात मांडीवर. डोळे मिटा किंवा समोर खाली एका जागी नजर ठेवा. मग श्वास कुठे कळतो ते शोधा, कुणाला नाकपुड्यांपाशी गार हवा कळते, कुणाला छाती वरखाली होताना, मला स्वतःला पोटाशी कळतो. जिथे कळेल तिथे लक्ष ठेवा. श्वास मोठा करायचा नाही, लांबवायचा नाही, मुद्दाम काही करायचंच नाही, तो जसा येतोय जातोय तसा नुसता बघायचा. दोन श्वास, तीन श्वास, आणि मग मन गेलं. वीज बिल भरायचं राहिलंय, त्या दिवशी ती अशी का बोलली, गुडघा दुखतोय, संध्याकाळी कुणाला फोन करायचाय, एकातून दुसरं निघत जातं आणि आपण त्यात पूर्ण बुडालेलो असतो. आणि मग कधीतरी, दहा सेकंदांनी नाहीतर चार मिनिटांनी, एकदम लक्षात येतं की अरे, मी तर श्वास बघत होते.

हा जो लक्षात येण्याचा क्षण आहे ना, सगळा सराव त्यासाठी आहे. त्या क्षणी स्वतःवर चिडायचं नाही, 'परत गेलंच का' असं म्हणायचं नाही, जिथे गेलं होतं ते एकदा बघायचं आणि हळूच श्वासाकडे यायचं. परत जाईल, परत यायचं. दहा मिनिटांत पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा परत आणलंत तर तुमचा पन्नास वेळा सराव झाला. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं म्हणून मी टिकले असं मला वाटतं, कारण ज्यांना हे सांगितलेलं नसतं ते परत येण्याच्या प्रत्येक वेळेला हार मोजतात आणि मग आठवड्याभरात सोडून देतात.

कंटाळा येणार, तो येतोच. खाज येणार, पायाला मुंग्या येणार, झोप तर हमखास येणार, खास करून रात्री झोप कमी झाली असेल तर. खाज आली की लगेच खाजवायच्या आधी जरा बघा ती कशी आहे, वाढते का, सरकते का, थांबते का. बऱ्याचदा थोड्या वेळात ती आपोआप विरते. ही अगदी क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण आतून काहीतरी ढकलतंय आणि तरी मी लगेच हललो नाही, याची सवय तिथेच लागते, आणि तीच पुढे कुणी टोचून बोललं की उपयोगी पडते. असह्य झालं तर खाजवा की, शिक्षा थोडीच आहे.

आता ताणाकडे येऊ, कारण बहुतेक लोक त्यासाठीच या वाटेला येतात. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग इशारा देतो, अॅड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावतं, आणि थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. लढा नाहीतर पळा ही शरीराची तयारी, वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञांनी शंभरएक वर्षांपूर्वीच तिचं वर्णन करून ठेवलंय. संकट टळलं की हे सगळं उतरायला हवं, आणि अंगावर धावून येणारं जनावर निघून गेलं की उतरतंही. पण शरीराला समोरचं संकट आणि मनात रंगवलेलं संकट यातला फरक नीटसा कळत नाही. मला एकदा संध्याकाळी वरिष्ठांचा मेसेज आला होता, 'उद्या सकाळी भेट, बोलायचंय.' एवढंच. त्या दोनच वाक्यांवर मी रात्रभरात नोकरी जाण्यापासून हप्ते थकण्यापर्यंत सगळं बघून आले, पोटात गोळा, छातीत धडधड, जबडा आवळलेला. त्यांना नव्या कामाबद्दल बोलायचं होतं.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात दोन बाणांचं एक सुत्त, म्हणजे प्रवचन, आहे, त्यात बुद्ध म्हणतात की वेदना झाली म्हणजे एक बाण लागला, तो ज्ञानी माणसालाही लागतो, पण न शिकलेला माणूस त्यावर शोक करतो, तळमळतो, आणि त्यामुळे त्याला जणू दुसरा बाणही लागतो. त्या रात्री पहिला बाण म्हणजे तो मेसेज, अनिश्चितता, थोडी धाकधूक, ती कुणालाही होईल. बाकीची सगळी रात्र दुसऱ्या बाणाची होती. माइंडफुलनेसनं पहिला बाण चुकत नाही, हे मला अगदी स्पष्ट सांगायचंय, डेडलाइन पुढे जात नाही, आजार बरा होत नाही, खाष्ट माणूस मवाळ होत नाही. फक्त दुसरा बाण हातात घेतला जातोय हे दिसायला लागतं, आणि दिसलं की कधी कधी तो खाली ठेवता येतो. कधी कधीच, नेहमी नाही. पण ताणाच्या दिवसांत एवढ्यानंही किती फरक पडतो ते मी अनुभवलंय.

आता हे दिसतं कसं, तर मला सगळ्यात कामी आलेली युक्ती म्हणजे नाव देणं. मनात काही उसळलं की आतल्या आत हळूच म्हणायचं, 'काळजी', 'राग', 'नियोजन', 'जुनी आठवण'. एकच शब्द, त्याचं विश्लेषण नाही, कारण नाही शोधायचं. विपश्यनेच्या काही परंपरांमध्ये हे फार पूर्वीपासून शिकवतात, आणि मेंदू आणि भावनांचा अभ्यास करणाऱ्या मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघताना लोकांनी त्या भावनेचं नाव निवडलं की अमिग्डलाची हालचाल कमी होते, आणि कपाळामागचा, आवर घालण्याच्या कामात असणारा भाग जास्त चालू होतो. मला त्यातलं मेंदूचं फारसं कळत नाही असं धरलं तरी अनुभव अगदी साधा आहे, 'माझं आता काही खरं नाही' हे वाक्य आणि 'भीती वाटतेय' हे वाक्य यात जी थोडीशी जागा आहे तिथे श्वास घेता येतो.

आणि श्वासावरून आठवलं, श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात, हे व्हेगस नावाच्या नसेमुळे होतं. म्हणून फारच धडधडत असेल तेव्हा काही वेळ श्वास सावकाश, लांब सोडला की शरीर खाली उतरायला मदत होते. हे काटेकोर बोलायचं तर माइंडफुलनेस नाही कारण यात आपण श्वास मुद्दाम बदलतोय, पण कुणी रडवेलं झालं असेल तर मी आधी हेच सांगते, बघणंबिघणं नंतर.

आज दवाखान्यांत जे शिकवलं जातं त्याची सुरुवात जॉन कबाट-झिन यांच्यापासून झाली. ते मॉलेक्युलर बायॉलॉजिस्ट, स्वतः झेन, विपश्यना आणि योगाचा सराव करणारे. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये एक क्लिनिक सुरू केलं, आणि तिथे आले कोण, तर जुनाट दुखण्याचे असे पेशंट ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे आणखी फारसं काही उरलं नव्हतं. आठ आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौन, आणि घरी रोज ४५ मिनिटं सराव. यालाच एमबीएसआर, म्हणजे 'माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन', म्हणतात. ४५ मिनिटं हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण हल्ली दोन मिनिटांच्या रीलमध्ये 'स्ट्रेस गायब' असं सांगतात आणि खाली पुरावा म्हणून याच कोर्सवरच्या अभ्यासांची नावं टाकतात. ते मला अजिबात पटत नाही, औषधाचा पूर्ण कोर्स तपासायचा आणि विकताना एक गोळी द्यायची असं आहे ते.

त्या कोर्समधला बॉडी स्कॅन मला फार आवडतो. उताणं झोपायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर आणायचं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, असं करत डोक्यापर्यंत. काही जाणवलं तर ते, नाही जाणवलं तर 'काही जाणवत नाही' हेसुद्धा चालतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मला कळलं की माझे खांदे कायम कानाकडे चढलेले असतात, झोपलेली असतानासुद्धा! दुखणाऱ्या जागेपाशी पोचलं की गंमत असते, एरवी आपण त्या जागेला 'दुखतंय' एवढं म्हणून तिच्यापासून पळत असतो, आणि इथे तिच्यातच थांबून बघायचं असतं की नक्की काय आहे, ठणका, जळजळ, ओढ, की दाब, आणि ते सतत सारखं आहे की कमी जास्त होतंय. पाठदुखीच्या दिवसांत माझी पाठ यानं बरी झाली नाही, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडेच जावं लागलं, पण दुखण्यासोबत जी 'आता हे आयुष्यभर असंच राहणार' ची भीती होती ती वेगळी दिसायला लागली, आणि झोप लागायला लागली.

पुरावे किती पक्के आहेत हे लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मंडळींनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या, मिळून साडेतीन हजारांवर लोक, एकत्र तपासल्या. अँग्झायटी, डिप्रेशन आणि दुखणं यांत माइंडफुलनेसचा थोडा ते मध्यम, पण खरा फायदा दिसला, मात्र व्यायाम, औषधं किंवा इतर थेरपीपेक्षा ते सरस आहे असं काही दिसलं नाही. डिप्रेशन पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या लोकांसाठी झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी याच सरावात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयी ओळखून बदलण्याची उपचारपद्धत, मिसळली, त्यांच्या २००० सालच्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांमध्ये नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्क्यांना ते उलटलं, हा कोर्स केलेल्यांमध्ये ३७ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण दोनदाच येऊन गेलेल्यांना असा फायदा झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये अँग्झायटीच्या २७६ पेशंटवर एक चाचणी प्रसिद्ध झाली, निम्म्यांना एमबीएसआर, निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे औषध, आठ आठवड्यांनी दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले. यावरून गोळी सोडून ध्यानाला बसा असा अर्थ कुणी काढू नका प्लीज, औषध कमी करायचं की नाही ते ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांच्याशीच बोलायचं.

आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो, ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींचा करडा भाग, वाढतं, हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत तसं दिसलंही होतं, पण २०२२ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच गटानं, म्हणजे जे आयुष्यभर ध्यानाचा अभ्यास करतायत त्यांनी, दोनशेच्या वर लोक घेऊन नीट तपासलं तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा बदल सापडला नाही. मला उलट हे वाचून या क्षेत्राबद्दल विश्वासच वाढला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांच्या मोठ्या अभ्यासात आठ हजारांहून जास्त मुलं होती, तिथे सगळ्या वर्गाला सरसकट माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मला यातून एवढंच दिसतं की हे कुणावर लादून होत नाही. आपल्याला वाटलं तर करावं, मुलांना जबरदस्ती बसवू नये.

बसण्याव्यतिरिक्त दिवसभरात काय करता येतं यावर खूप लिहिता येईल, मी दोनच गोष्टी सांगते कारण त्या मी खरंच करते. फोन वाजला की उचलायच्या आधी एक श्वास पूर्ण होऊ देते. आणि कुणी बोलत असेल तर मनात उत्तर तयार करणं सुरू झालंय का ते बघते, आणि झालं असेल तर परत त्याच्या बोलण्याकडे येते. ही दुसरी फार अवघड आहे, बसून श्वास बघण्यापेक्षा कितीतरी अवघड. भांडी घासताना, जिना चढताना, आंघोळ करताना लक्ष ठेवा असंही सांगतात, ते चांगलंच आहे, जमेल तितकं करावं.

आईच्या आजारपणात मला याचा खरा उपयोग कळला. तिच्या उशाशी बसलेली असायचे आणि मन सतत पुढे पळायचं, रिपोर्ट काय येतील, पुढच्या महिन्यात काय, ती नसेल तेव्हा काय. ती समोर होती आणि मी तिच्याशिवायच्या दिवसांत फिरत होते. तेव्हा मी तिचा हात हातात धरून फक्त तो हात बघायचे, त्याची ऊब, बारीक थरथर, नसा. मन जायचं, परत हाताकडे आणायचे. दुःख कमी झालं नाही, कमी व्हावं असंही नव्हतं मला, पण ती काय बोलत होती ते मी ऐकलं, आणि आज ते सगळं माझ्याजवळ आहे.

आता काळजी कुठे घ्यायची. सगळ्यांना ध्यानानं बरंच वाटतं असं नाही. ब्राउन विद्यापीठाच्या जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी ध्यान करणाऱ्या लोकांशी सविस्तर बोलून २०१७ मध्ये जे मांडलं त्यात भीतीचे झटके, झोप उडणं, आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, जुने आघात उसळून वर येणं, असे अनुभवही आहेत. ज्यांच्या आयुष्यात मोठा आघात होऊन गेलाय त्यांना डोळे मिटून शरीराकडे बघणं म्हणजे थेट त्या आघातात शिरणं होऊ शकतं. तुमचं असं काही असेल तर डोळे उघडे ठेवा, श्वासाऐवजी बाहेरचे आवाज किंवा जमिनीवर टेकलेले पाय निवडा, वेळ कमी ठेवा, आणि शक्यतो जाणत्या थेरपिस्टच्या सोबतीनं करा. त्रास वाढत असेल तर थांबा. 'सहन कर, यातूनच पार होशील' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. बसणं मानवत नाही त्यांच्यासाठी चालणं आहे, सावकाश चालायचं आणि पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं एवढं बघत राहायचं. अस्वस्थ माणसांना हे बऱ्याचदा जास्त जमतं.

आणखी एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कामाच्या जागी माणसं कमी, काम दुप्पट, रात्री अकरालाही मेसेज, आणि वर एक तासाचं माइंडफुलनेस सेशन ठेवून द्यायचं. म्हणजे ताण तुमच्यात आहे, तुम्हीच श्वास घ्यायला शिका. असल्या जागी लक्ष देऊन बघितलं तर उलट जास्त स्पष्ट कळतं की आपल्याला इथे त्रास होतोय, आणि मग कधी ठामपणे नाही म्हणावं लागतं, कधी चार जणांनी मिळून तक्रार करावी लागते, कधी नोकरी बदलावी लागते. माझ्या एका मैत्रिणीनं नियमित बसायला लागल्यावर काही महिन्यांत नोकरी सोडली, ती म्हणाली मला इतकी वर्षं कळतच नव्हतं की रविवारी दुपारपासून माझं पोट दुखतं. मला तिचा निर्णय फार आवडला.

सुरुवात करायची असेल तर दहा मिनिटं पुष्कळ झाली, रोज एकाच वेळेला, एकाच जागी, टायमर लावून, म्हणजे सारखं घड्याळ बघायला नको. ॲप लागलंच तर वापरा पण स्ट्रीक आणि बॅजच्या मागे लागू नका. आज छान झालं, काल वाईट झालं असा हिशोब ठेवू नका, मन खूप पळालेल्या दिवशीही बसलात एवढं पुरे. काही आठवड्यांनी बघायचंच असेल तर बसण्यात शांत वाटतं का हे बघू नका, चिडल्यावर पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो ते बघा, झोपेचं बघा, आणि सोबत राहणाऱ्यांना विचारा, त्यांना आपल्या आधी कळतं.

मध्ये खंड पडणार, पाहुणे येतील, आजारपण येईल, नुसता आळसही येईल. तेव्हा भरपाई म्हणून तासभर बसायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला नेहमीइतकीच दहा मिनिटं बसा. काही अडलं, काही विचारायचं असलं तर जरूर लिहा, जे मला माहीत आहे ते नक्की सांगेन.